किती वेळ लागेल? पाटणच्या मठापासून ई-रिक्षाच्या बॅटरीपर्यंत

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण म्हणाले, इतिहासाच्या व्याख्यानमालेत बॅटरीचं काय काम? रास्त शंका आहे. पण गाडीची बॅटरी चार्ज व्हायला किती वेळ लागेल हा प्रश्न नवा दिसतो तेवढा नवा नाही. एखादं भांडं ठरावीक धारेनं भरायला किती वेळ लागतो, या फार जुन्या प्रश्नाचाच तो आजचा अवतार आहे. आणि या जुन्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पत्ता आपल्या चाळीसगावपासून वीस किलोमीटरच्या आत आहे. म्हणून आम्ही हा विषय इथे, चाळीसगावात घेतला.

तो पत्ता म्हणजे पाटण. पाटणादेवीला आपण सगळेच जातो. नवरात्रात जातो, पावसाळ्यात धबधबे बघायला जातो. तिथल्या शिलालेखापाशी थांबणारे मात्र थोडे. शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ चा हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. (चौदाशे वर्षं जगले म्हणतात ते योगी चांगदेव वेगळे, गल्लत नको.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या चांगदेवानं पाटणला मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे, जुन्या मराठीत. बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीतून मठाला काय मिळायचं, दर घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं, मोजायचं ते मठाच्या मापानं मोजायचं, अशा व्यवहाराच्या गोष्टी त्यात आहेत. माप कुणाचं, हा मुद्दा जरा लक्षात ठेवा.

आता मठात शिकवायचे ते ग्रंथ कोणते? लेखात 'सिद्धान्तशिरोमणी'चं नाव आहे. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० चा, त्यांच्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षीचा. 'लीलावती', म्हणजे पाटीगणित, हा त्याचाच एक भाग मानतात. लीलावतीत एक उदाहरण आहे, ते शाळेत वेगळ्या कपड्यांत आपल्या सगळ्यांना भेटलेलं आहे. एक विहीर आहे. तिला चार झरे. पहिला एकटा सोडला तर ती एका दिवसात भरते, दुसरा एकटा अर्ध्या दिवसात, तिसरा तिसऱ्या हिश्शात, चौथा सहाव्या हिश्शात. चारही एकदम सोडले तर दिवसाच्या कितव्या भागात भरेल?

रीत सोपी आहे. पहिला झरा दिवसाला एक विहीर भरतो, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. एकूण बारा विहिरी. म्हणजे एक विहीर दिवसाच्या बाराव्या भागात. दिवसाच्या घटिका ६०, त्याचा बारावा भाग ५ घटिका. आजच्या हिशेबानं बरोबर दोन तास. आपल्या शाळेतले 'दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो' हे गणित याच कुळातलं. पोरं का रडायची त्याला कळत नाही, पण रडायची.

हीच रीत बॅटरीला लावू. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आधी काढून टाकू. किलोवॅट आणि किलोवॅट-तास. दुकानात दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात. आपल्याला वीजबिलातला 'युनिट' हा शब्द चांगला ठाऊक आहे, तोच घ्या. एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट. बॅटरी किती मोठी आहे ते युनिटांत सांगायचं, ती टाकी. चार्जर किती किलोवॅटचा ते सांगायचं, ती धार. तीन युनिटांची स्कूटर आणि पाऊण किलोवॅटचा चार्जर, तर तीन भागिले पाऊण, चार तास. लीलावतीच्या विद्यार्थ्यानं हे उत्तर तोंडी दिलं असतं.

आणि ते चुकलं असतं. फार नाही, पण चुकलं असतं. स्कूटरला प्रत्यक्षात साडेचार-पाच तास लागतात. ई-रिक्षाच्या बाबतीत तर हा भागाकार महागात पडतो, म्हणून तिथे जरा थांबू.

स्टेशनबाहेर उभ्या असतात त्या जुन्या पद्धतीच्या ई-रिक्षांत सीटखाली चार शिशाच्या बॅटऱ्या असतात. प्रत्येकी बारा व्होल्टच्या, मिळून अठ्ठेचाळीस. समजा त्या शंभर अँपिअर-तासांच्या आहेत आणि चार्जर पंधरा अँपिअरचा. 'कितला येळ?' असं विचारलं की शंभर भागिले पंधरा, साडेसहा-पावणेसात तास. रात्री अकराला लावली की सकाळी सहाला गाडी तयार. असा हिशेब विकणाराही सांगतो आणि घेणाऱ्यालाही पटतो.

आता आत काय होतं बघा. शिशाच्या बॅटरीतून शंभर अँपिअर-तास काढले तर परत भरताना साधारण एकशेदहा ते एकशेवीस घालावे लागतात. काही उष्णतेत जातात, काही शेवटी पाण्याचं विघटन करून वायू करण्यात जातात. म्हणूनच तर त्यात डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं. म्हणजे साडेसहाचे साडेसात-आठ तास इथेच झाले. दुसरी गोष्ट, धार सारखी राहत नाही. बॅटरी भरत आली की तिचं व्होल्टेज चढतं आणि ती प्रवाह कमी-कमी घ्यायला लागते. पंधराचे दहा होतात, दहाचे पाच होतात. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तीन-तीन तास जातात. एकूण नऊ-दहा तास. त्यात रात्री व्होल्टेज पडलेलं असेल आणि चार्जर जुना ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर धार मुळातच बारीक. मग त्याहून जास्त.

सकाळी सहाला गाडी काढली, दिवसभर चालली, रात्री परत लावली. रोज शेवटचा हिस्सा अर्धवट. दिसायला काहीच बिघडत नाही. पण न भरलेल्या हिश्शात शिशाचं सल्फेट साचतं आणि कडक होत जातं. मग ते विरघळत नाही. काही महिन्यांनी चालक म्हणतो, पूर्वी स्टेशन ते हिरापूर रोड दिवसभर फेऱ्या मारायचो, आता दुपारीच दम तोडते. विकणारा म्हणतो, तुम्हीच नीट चार्ज करत नाही. चालक म्हणतो, तुम्ही सांगितले तेवढे तास लावतो की! दोघंही खरं बोलतात. हप्ता मात्र चालकाचा चालू राहतो, आणि बॅटऱ्यांचा नवा संच हजारो रुपयांचा. एका साध्या भागाकारानं ही वेळ येते.

आम्हाला इथे पुन्हा भास्कराचार्यांकडे जायचं आहे. पण 'आमच्या पूर्वजांना बॅटरीचं गणित आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं' असं म्हणायला नाही. ते वाक्य आजकाल फार स्वस्त झालंय. त्यांना विहिरीचं गणित ठाऊक होतं, बॅटरीचं नव्हतं. मुद्दा वेगळा आहे. विहिरीचं उदाहरण देणाऱ्या याच माणसानं सिद्धान्तशिरोमणीतच दुसऱ्या ठिकाणी, यंत्राध्यायात, भांडं भरण्याबद्दल आणखी एक गोष्ट लिहिली आहे. लीलावती सगळे सांगतात. यंत्राध्याय फारसं कुणी सांगत नाही.

त्या काळी वेळ मोजायचं साधन म्हणजे घटिकापात्र. आपल्याकडे लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात पाणी भरून त्यात ठेवायचे ते. तांब्याची वाटी, बुडाला भोक. पाणी खालून आत शिरतं, वाटी भरते, बुडते, एक घटिका झाली. चोवीस मिनिटं. आता ही वाटी बरोबर एका घटिकेत बुडावी म्हणून ती कशी घडवायची? लल्ल वगैरे आधीच्या ज्योतिषकारांच्या परंपरेत याचं माप दिलेलं आहे. दहा पळं तांबं घ्यावं, सहा अंगुळं उंच, बारा अंगुळं रुंद वाटी करावी, आणि अमुक वजनाच्या सोन्याची चार अंगुळं लांब सुई ओढून तेवढ्या जाडीचं भोक पाडावं. म्हणजे टाकी ठरवून दिली, नळाचं तोंड ठरवून दिलं, वेळ आपोआप ठरला. आजच्या माहितीपत्रकासारखंच की!

भास्कराचार्यांनी हे मानलं नाही. ते म्हणतात, अशी मापं देण्याला युक्ती नाही, आधार नाही, आणि तशी वाटी घडवणंही कठीण. मग करायचं काय? अर्ध्या घटासारखी तांब्याची वाटी करा, बुडाला मोठं भोक पाडा, आणि पाण्यात सोडा. एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा. त्या संख्येनं अहोरात्राला भागा. येईल ते तुमच्या वाटीचं मान.

हे किती वेगळं आहे बघा. भागाकार इथेही आहे. पण भागायचं ते पुस्तकातल्या संख्येनं नाही, तुमच्या स्वतःच्या वाटीनं दिवसभरात दिलेल्या संख्येनं. समजा वाटी चौसष्ट वेळा बुडाली. हरकत नाही, तुमची वाटी घटिकेपेक्षा थोडी लहान, साठ भागिले चौसष्ट. तांबं जाड की पातळ, भोक गोल की वाकडं, हे सगळं त्या चौसष्टमध्ये आलं. वेगळा विचार करायची गरज उरली नाही. आणि लक्षात घ्या, वाटीत पाणी शिरतं तेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं शिरेलच असं नाही. विहिरीच्या उदाहरणात झरे एकसारखे वाहतात कारण ते उदाहरण आहे. वाटी खरी आहे.

लीलावतीच्या लग्नाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मुलगी घटिकापात्रात डोकावली, अंगावरच्या दागिन्यातला मोती आत पडला, भोक बुजलं, वाटी बुडेचना, मुहूर्त टळला. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ही गोष्ट नाही. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत येते. खरी मानायचं कारण नाही. पण गोष्ट रचणाऱ्याला प्रश्न नेमका कळला होता असं आम्हाला वाटतं. धार मध्येच कमी झाली आणि कुणाचं लक्ष नव्हतं. रात्रीत व्होल्टेज पडल्यावर होतं तेच.

आता काही शतकं ओलांडू. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यानं शिशाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १८८१ मध्ये कामिय फोर यानं शिशाच्या पत्र्यावर लेप देऊन तिची क्षमता पुष्कळ वाढवली. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव त्रुव्हेची विजेवर चालणारी तीनचाकी धावली. म्हणजे पहिल्या विद्युत वाहनांत एक तीनचाकी होती, आपल्या रिक्षाची पणजी म्हणा. आणि लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं की ही टाकी साधी टाकी नाही. १८९७ मध्ये जर्मनीत पॉयकर्ट यानं दाखवलं की बॅटरीतून जितक्या जोरानं प्रवाह काढाल तितकी तिची एकूण क्षमताच कमी भरते. विहिरीचं पाणी मोटेनं काढा की पंपानं, पाणी तेवढंच. बॅटरीचं तसं नाही.

मग त्या लोकांनी काय केलं? मोजायची साधनं केली. गाडीत अँपिअर-तास मोजणारा मीटर बसवला. गाडी चालताना काटा एका बाजूला सरकायचा, चार्ज होताना परत यायचा. आणि गंमत अशी की परत येताना तो मुद्दाम थोडा हळू सरकेल अशी सोय असायची, म्हणजे काढलेल्यापेक्षा जास्त घातलं जाईल. वर सांगितले ते एकशेपंधरा-वीस टक्के त्या काट्यातच घालून ठेवलेले. दुसरं साधन हायड्रोमीटर. आपल्या भडगाव रोडला, मालेगाव रोडला बॅटरी चार्जिंगची जुनी दुकानं आहेत, तिथे 'ग्रॅव्हिटी बघतो' म्हणतात ती हीच. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल जड, बाराशे साठ-सत्तरच्या आसपास दाखवतं. उतरलेल्या बॅटरीत ते हलकं होतं. जाणता कारागीर घड्याळ बघून बॅटरी काढत नाही. तासातासानं ग्रॅव्हिटी बघतो, आणि लागोपाठ तीन वेळा आकडा तोच आला की म्हणतो, झाली. त्यानं यंत्राध्याय वाचलेला नसतो. पण रीत तीच.

चाळीसगावला वाहनातली बॅटरी आणखी एका वाटेनं आली, रेल्वेच्या. धुळ्याची शाखा १९०० मध्ये सुरू झाली. त्याच सुमाराला आगगाडीच्या डब्यात विजेचे दिवे यायला लागले होते. डब्याखाली डायनामो, तो आसाच्या पट्ट्यानं फिरायचा, आणि सोबत बॅटऱ्या. गाडी ठरावीक वेगाच्या वर गेली की डायनामो बॅटरी भरायचा. थांबली की दिवे बॅटरीवर. हळू चालणाऱ्या, दर स्टेशनला थांबणाऱ्या गाडीत डायनामोला भरायला वेळच कमी. ज्यांनी जुन्या पॅसेंजरनं रात्रीचा प्रवास केलाय त्यांना गाडी थांबली की पिवळे पडणारे दिवे आठवत असतील. 'किती वेळ चार्ज झाली' याला तिथे काही अर्थच नव्हता. वेग किती होता, थांबे किती होते, त्यावर सगळं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी काही नवलाईच्या नव्हत्या. तिथे १९०० साली बनलेल्या मोटारींत साधारण तिसरा हिस्सा विजेवरच्या होत्या. रात्रभर चार्जिंगला लावायची सवय लोकांना होती. हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीनं १९१० पासून मालवाहू गाड्यांसाठी बॅटरी बदलून द्यायची सेवा चालवली, जवळजवळ चौदा वर्षं. उतरलेली द्या, भरलेली घ्या, चाललेल्या मैलांप्रमाणे पैसे. 'किती वेळ लागेल' या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, थांबूच नका. आज बॅटरी स्वॅपिंग म्हणून जे नवीन सांगतात ते हे. मग १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला, हँडल मारायचं संपलं, पेट्रोलची मोटार सोयीची झाली आणि विजेची मागे पडली. बॅटरी गाडीत राहिली, पण नुसती स्टार्टरपुरती, चालता-चालता भरणारी. पुढची शंभर वर्षं गाडीवाल्याला हा प्रश्न विचारावाच लागला नाही. म्हणून आज तो नवा वाटतो.

१ जून २०२२ ला एसटीची 'शिवाई' ही विजेवरची बस पुणे ते अहमदनगर धावली. १९४८ मध्ये एसटीची पहिली बस ज्या मार्गावर धावली, त्याच मार्गावर. आता आगारात बस किती वेळ उभी राहणार हे वेळापत्रकाचं गणित झालं. बसमध्ये, मोटारीत, नव्या रिक्षांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. त्यांचं गळतीचं प्रमाण कमी, दहा टक्के जास्त धरले तरी चालतं. पण धारेचा स्वभाव तसाच. साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर घेतात, मग व्होल्टेज मर्यादेला पोचतं आणि प्रवाह उतरत जातो. म्हणून जाहिरातीत नेहमी 'ऐंशी टक्के इतक्या मिनिटांत' असं असतं. शंभरचं कुणी सांगत नाही. शिवाय चार्जर साठ किलोवॅटचा असला आणि गाडी चाळीसच घेत असली तर धार चाळीसचीच. आणि खानदेशातला मे महिना! बॅटरी फार तापली की गाडीतली नियंत्रण यंत्रणा स्वतःच धार कमी करते. कन्नड घाट चढून आलेली गाडी भर दुपारी लगेच जलद चार्जरला लावली, तर पुण्यात थंडीत मोजलेला आकडा तिथे मिळेलच असं नाही.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच आहे की भागाकार करा, पण त्याला किमान वेळ समजा. आणि मग एकदा भास्कराचार्यांसारखं बसा. सुटीच्या दिवशी गाडी पूर्ण उतरवून लावा. घड्याळ आणि वही घ्या. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर टक्के, प्रत्येक वेळची नोंद. शक्य असेल तर मीटरचं आधीचं आणि नंतरचं वाचन. शिशाची बॅटरी असेल तर शेवटी तासातासानं ग्रॅव्हिटी. हे एकदा उन्हाळ्यात करा, एकदा हिवाळ्यात. त्या वहीतला आकडा तुमच्या गाडीचा, तुमच्या घरातल्या सॉकेटचा, तुमच्या गल्लीतल्या व्होल्टेजचा. तो माहितीपत्रकात नसतो. पाटणच्या लेखातल्या मठाच्या मापासारखं, हे तुमच्या घरचं माप.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, तीही घेऊ. विचारलंय की छतावर एक किलोवॅटचं सोलर बसवलं तर तीन युनिटांची स्कूटर तीन तासांत भरेल का? नाही. सूर्य ही एकसारखी धार नाही. सकाळी बारीक, बारा-एकला पूर्ण, चारनंतर पुन्हा बारीक, ढग आला की तुटली. एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे चांगल्या उन्हाच्या दिवसात मिळून साधारण चार युनिट देतं. तेव्हा तासांत विचारूच नका, दिवसांत विचारा. एक दिवस लागेल. अडचण एवढीच की तो दिवसभर स्कूटर घरी उभी पाहिजे, आणि चिठ्ठीच्या खाली लिहिलंय की ते रोज तिच्यावर कामाला जातात.